घाट पाच, घरं तीन

काका-काकू परत आले हे मला आधी त्यांच्या गाडीवरून कळलं. जाताना पांढरी होती, येताना चाकापासून खिडकीपर्यंत तांबडी. काका लुंगी खोचून पाइपानं तिच्यावर पाणी मारत होते आणि तांबडा ओघळ फाटकाखालून थेट रस्त्यावर. मी कपडे वाळत घालायला मागं गेले, तोच जास्वंदीच्या फटीतून आवाज आला, "आलो गं बाई एकदाचे!"

मी चिमटे खिशात टाकले. आता कपडे तासभर बादलीतच राहणार हे ओळखून होते.

तुम्हाला आधीचं सांगायला हवं. हे दोघं निघाले तेव्हा आमच्या सांगलीच्या गल्लीत एकच चर्चा होती : पक्षपंधरवड्यात कुणी फिरायला जातं का? काकांचा हिशेब सरळ होता. पितृपक्षात लॉज रिकामे, भाडं उतरलेलं, रस्ते मोकळे, आणि कासची फुलं काही घटस्थापनेची वाट बघत थांबत नाहीत. "फुलांना पंचांग कळत नाही," असं फाटकाला कुलूप लावता लावता म्हणून ते निघाले. किल्ली, तुळस आणि दुधाची पिशवी माझ्याकडे. बेत असा, की घाईनं काही करायचं नाही. सातारा, वाई, महाबळेश्वर, तिथून कोकणात चिपळूण आणि कुंभार्ली घाटानं वर येऊन कऱ्हाडमार्गे घरी. मुक्काम होता होईल तो मित्रमैत्रिणींकडेच.

"पाच घाट झाले बघ," काकू म्हणाल्या.

"सहा," पलीकडून काका. "यवतेश्वर धरला नाहीस."

"तो कासला जायचा चढ. त्याला घाट कोण म्हणतं?"

"सातारकर म्हणतात."

"सातारकर काय वाट्टेल ते म्हणतात," असं म्हणून काकूंनी कुंपणावर कोपर टेकलं. "तुला साताऱ्याचंच सांगते आधी. ह्यांचे बँकेतले मित्र गं. मोठा फ्लॅट घेतलाय, गॅलरीतून समोर अजिंक्यतारा. पण गॅलरीत बसणार कोण? दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत."

"अबोला?"

"अबोला असता तर बरं होतं. बोलतात, पण आमच्यामार्फत. ती मला म्हणते, 'वहिनी, ह्यांना विचारा, चहात साखर किती.' ते ह्यांना म्हणतात, 'सांग रे तिला, डॉक्टरांनी बंद केलीय.' डॉक्टरांनी साखर बंद करून वर्ष झालं, आणि बायकोला ते आमच्यासमोर कळलं! मग ती मला म्हणते, 'विचारा, मग रोज देवासमोरचे पेढे कोण खातं?'"

"त्याला कमी ऐकू येतं," काका पाइप बंद करून म्हणाले. "तिचा आवाज बारीक. म्हणून मध्ये माणूस लागतो. हिला सगळ्यात भांडणच दिसतं."

खरं कुणाचं, देव जाणे. पण दोघांच्या दोन हकिगती ऐकायला मिळतात हाच तर या कुंपणाचा फायदा.

दुसऱ्या दिवशी चौघं मिळून कासला गेले. तिथं हल्ली आधी नोंदणी करावी लागते, दिवसाला ठराविकच माणसं सोडतात. पश्चिम घाटातली जी ठिकाणं २०१२ साली जागतिक वारशात गेली त्यात हे पठार आहे, ही माहिती अर्थातच काकांची. काकूंची माहिती वेगळी. "अगं, जमीनच नाही तिथं. सगळा कातळ, त्यावर कुठं बोटभर, कुठं वीतभर माती. आणि एवढ्याशा मातीत काय काय उगवावं! गुलाबी तेरडा, पिवळा कवला, ते पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद. कारवी म्हणे सात वर्षांनी एकदा फुलते, यंदा तिची पाळी नव्हती. आणि ती सीतेची आसवं. निळी-जांभळी, नखाएवढी, वाऱ्यावर थरथरणारी. तिथला वाटाड्या पोरगा सांगतो, ही किडे खातात."

"ती आसवं?"

"हो! मुळाकडे बारीक बारीक पिशव्या असतात म्हणे, पाण्यातला जीव आत ओढून घेतात. कातळावरच्या मातीत खायलाच काही नाही, मग करणार काय बिचारी! तर साताऱ्याची वहिनी लगेच मला म्हणते, 'बघा वहिनी, दिसायला कशी गरीब, आणि करणी काय!' आणि बघते कुठं, तर नवऱ्याकडे."

"त्यानं ऐकलंच नाही," काका.

"ऐकलं. म्हणून तर तो तरातरा पुढं निघाला आणि ती ओरडली, 'अहो, पाय! फुलावर पाय द्याल!' थेट बोलली गं. मध्ये कुणी नाही. त्यानंही थेट उत्तर दिलं, 'दिसतंय मला.' माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं."

"धुकं होतं," काका म्हणाले.

साताऱ्याहून वाई काही लांब नाही. पाचवडला हायवे सोडला की अर्ध्या तासात पोचतो माणूस. या दोघांना निम्मा दिवस लागला. पूर्वीचे काका मी पाहिलेत. बँकेत होते तेव्हा कोल्हापूरला लग्नाला जायचं तरी गाडीत पाणी प्यायलाही थांबायचे नाहीत. आता म्हणे कुठं वडाची रांग दिसली, थांब. कुठं शेतात भुईमूग काढताना दिसले, थांब. भुईमूगवाल्याशी बोलणं, त्याच्या बांधावर ओल्या शेंगा खाणं, त्याचा पोरगा पुण्यात काय करतो ते ऐकणं. काकूंची तक्रार होती, पण शेंगांची पिशवी मलाही मिळाली, म्हणून मी गप्प.

वाईची हकीगत सांगायच्या आधी काकूंनी दोन्ही बाजूंना पाहून घेतलं. म्हणजे मजकूर खास.

"माझी शाळेतली मैत्रीण. गणपती आळीत वाडा. थोरली सून. धाकट्या दिरानं वाटणी मागितली, आता माजघराच्या मधोमध भिंत. जिना एकच, तो सामाईक. आणि आम्ही गेलो तो दिवस नेमका सासऱ्यांच्या तिथीचा."

"अगंबाई!"

"पुढं ऐक. एकाच बापाचं श्राद्ध, एकाच वाड्यात, दोन चुलींवर. इकडं खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. भिंतीपलीकडं खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. वास सुद्धा एकच. आम्ही थोरलीकडे जेवून हात धुतो तोवर धाकटी दारात. 'काकू, आमच्याकडे दोन घास घेतल्याशिवाय जायचं नाही हं. मामंजींना वाईट वाटेल.' आता मेलेल्या माणसाचं नाव घेतल्यावर नाही कसं म्हणायचं?"

"मग दोनदा जेवलात?"

"ह्यांनी दुसरीकडे वडे पुन्हा मागून घेतले!"

"धाकटीचे वडे खुसखुशीत होते," काका म्हणाले. या वाक्याला कुणाचंच खंडन मिळालं नाही.

"आणि कावळा!" काकूंचा आवाज खाली आला. "तो कौलांवर बरोबर भिंतीच्या रेषेत बसलेला. दोन्ही बाजूंना पानं मांडलेली. इकडं थोरला हात जोडून, तिकडं धाकटा. दहा मिनिटं हलला नाही. मग उडाला आणि धाकट्याच्या पानावर. थोरल्याचा चेहरा बघवेना गं. 'आजारपण काढलं मी, आणि...' एवढंच बोलला आणि आत गेला. मग माझी मैत्रीण हळूच मला म्हणते, 'त्या पानावर वडा फोडून ठेवला होता, आमचा अख्खा होता. कावळ्याचं काय, त्याला सोपं पडलं.' किती शहाणी बघ. पण नवऱ्याला नाही सांगितलं तिनं ते. म्हणाली, राहू दे, धाकट्याला तेवढंच समाधान."

संध्याकाळी सगळे कृष्णेच्या घाटावर गेले. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं, आणि त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती. पुराचं पाणी त्या टोकावर येऊन दोन बाजूंना फुटावं म्हणून. सांगलीचा माणूस हे बघून पुढं जाऊच शकत नाही. काका त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभे होते म्हणे. आणि काकूंचं लक्ष पायऱ्यांकडे : तिथं थोरला आणि धाकटा एकाच पायरीवर शेजारी बसून उसाच्या बिलावरून कारखान्याला शिव्या घालत होते. भिंत फक्त स्वयंपाकघरापुरती.

वाईहून वर निघालं की पसरणी लागतं, शाहीर साबळ्यांचं गाव, आणि तिथून घाट. काकू पसरणी घाटाबद्दल जास्त बोलल्या नाहीत, कारण त्या आलेपाक चघळत डोळे मिटून बसल्या होत्या. दोनदा जेवल्याचा परिणाम. पाचगणी गर्दीला भिऊन तशीच मागं टाकली. मग भिलार, आणि तिथं काका हरवले.

"हरवले नाही. पुस्तक वाचत होतो."

भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव केलंय हे वाचलं होतं, पण ते चालतं कसं ते काकूंकडून कळलं. वाचनालयाची एक इमारत नाही. लोकांच्या राहत्या घरांतच कपाटं. एका घरात इतिहास, दुसऱ्यात कथा-कादंबऱ्या, कुठं मुलांची पुस्तकं, कुठं संतसाहित्य. आत जायचं, खुर्ची ओढायची, वाचायचं. पैसे नाहीत. घरातली बाई पलीकडं भाजी निवडत असते.

"हे चरित्रांच्या घरात शिरले ते शिरलेच. मी आपली शेतात. स्ट्रॉबेरीची रोपं लावायचं चाललं होतं, फळाला अजून अवकाश. बायका वाफ्यावर बसलेल्या, त्यांच्याशी मजुरीपासून सुनांपर्यंत सगळं बोलून झालं. परत येऊन बघते, तर हे ओट्यावर मांडी घालून भाकरी खातायत! ओळख ना पाळख. ती बाई म्हणते, 'काका वाचता वाचता डुलकी काढायला लागले, म्हटलं भूक लागली असेल.'"

तिथून महाबळेश्वर जेमतेम पंधरा किलोमीटर. पोचायला अंधार.

महाबळेश्वरात काही दिसलं नाही, हे काकूंनी एका वाक्यात उरकलं. आर्थर सीटला गेले, धुकं बघितलं, कणीस खाल्लं, आले. पण क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात मात्र त्यांना त्यांचा विषय सापडला. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, पाची नद्या एकाच ठिकाणी उगम पावतात अशी श्रद्धा आहे. गुरुजींनी कथा सांगितली : ब्रह्मदेव यज्ञाला बसले, सावित्रीला यायला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून त्यांनी शेजारी गायत्रीला बसवलं. सावित्री येऊन बघते तर हे! तिनं सगळ्यांना शाप दिला, व्हा नद्या. म्हणून विष्णू कृष्णा झाले, शंकर वेण्णा, ब्रह्मदेव कोयना.

"आता तूच सांग," काकू म्हणाल्या, "बायको येईस्तोवर घटकाभर थांबायला काय झालं होतं? आणि नीट बघ, ते तिघं वाहतात पूर्वेला. सावित्री एकटी डोंगर उतरून पश्चिमेला. माहेरी गेल्यासारखी."

"एकटी नाही," काका म्हणाले, "गायत्रीपण तिकडंच."

काकू क्षणभर थांबल्या. "मग तर तिचं खरंच नशीब खोटं."

त्याच सावित्रीच्या खोऱ्यात आंबेनळी घाट उतरतो. काकूंना त्याची भीती. एका बाजूला भिजलेला काळा कडा, त्यातून गाडीच्या टपावर पडणारं पाणी, दुसरीकडे कठडा आणि कठड्यापलीकडं नुसतं पांढरं. पावसाळ्यात इथं दरडी येतात. अजूनही एका वळणावर मातीचा ढीग बाजूला सारलेला आणि शेजारी जेसीबी झोपलेला. काका दुसऱ्या गिअरवर, हॉर्न देत, आणि वळणावळणाला विचारत, "थांबूया का?" काकूंचं उत्तर ठरलेलं, "आधी खाली चला." शेवटी वाडा कुंभरोशीला चहाला थांबले. टपरीवाल्यानं कप पुढं केला आणि वर बोट दाखवलं. ढग फाटला होता आणि प्रतापगडाचा बुरूज, त्यावरचा भगवा, एवढंच आभाळात लटकलेलं. खाली गड नाही, डोंगर नाही. मिनिटभरात परत बंद.

"मी चहा सांडला गं," काकू म्हणाल्या. "चौथीच्या पुस्तकात वाचलेलं, १६५९, अफझलखान, सगळं पाठ. पण एवढ्या अडचणीच्या जागी त्यानं यावं आणि महाराजांनी त्याला आणावं, हे तो घाट उतरल्याशिवाय कळत नाही. मला आमच्या गाडीत सरळ बसवत नव्हतं, आणि खान फौज घेऊन आला."

गडावर गेले नाहीत. काकूंचे गुडघे.

पोलादपूरनंतर कशेडीला आता बोगदा झालाय. घाटाची सगळी वळणं वाचतात. काका जुन्या घाटानंच गेले. का, तर बोगद्यात बघण्यासारखं काय असतं? यावर त्या दोघांचं खेडपर्यंत भांडण झालं, आणि परशुराम घाटात वाशिष्ठीचं खोरं दिसल्यावर मिटलं.

चिपळूणची मैत्रीण म्हणजे विलिंग्डन कॉलेजात असतानाची काकूंची खोलीची जोडीदार. कोकणातली मुलगी, सांगलीत शिकली, परत कोकणात दिली. काका मनातून मासळीच्या आशेनं गेले होते. ताटात आलं कुळथाचं पिठलं आणि भोपळ्याची भाजी. पितृपक्ष! "स्वतःच मुहूर्त काढला होता ना," काकू म्हणाल्या. पलीकडून पाइप जोरात सुरू झाल्याचा आवाज आला.

पण त्या घरातली खरी जुगलबंदी रात्री झाली. बैठकीच्या खोलीत भिंतीवर दोन रेघा. खालची २००५ची, वरची २२ जुलै २०२१ची. काकूंनी वरच्या रेघेखाली उभं राहून पाहिलं, डोक्यावर हात वर केला तरी पोचेना. आता सांगलीची बाई हे ऐकून घेईल?

"मी म्हटलं, आमच्याकडे २०१९ला आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर पाणी गेलं होतं. धोक्याची पातळी पंचेचाळीस! ती म्हणते, 'तुमचा पूर सांगून येतो गं. रोज फूट मोजत बसायला वेळ मिळतो. आमचा एका रात्रीत आला. भरती होती, नदीला जायला जागा नाही. पहाटे उठले तर पलंगाला पाणी.' मी म्हटलं, तुमचा आला तसा गेला. आमचा मुक्कामाला बसतो, निघता निघत नाही. ती म्हणते, 'आमच्या वाशिष्ठीत मगरी आहेत.' मी म्हटलं, आमच्या कृष्णेत काय बदकं आहेत?"

मला हसू आवरेना. काकू मात्र गंभीर. एवढ्यात मैत्रिणीचे यजमान मध्ये पडले. जन्मभर पोफळीच्या वीजघरात नोकरी केलेले. त्यांनी पानाचा डबा पुढं ओढून समजावलं : कोयनेचं पाणी धरणात अडवलं. त्यातलं काही पायथ्याला सोडतात, ते कऱ्हाडला कृष्णेला मिळून तुमच्या सांगलीला येतं. उरलेलं डोंगराच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला. ते उंचावरून पोफळीच्या यंत्रांवर पडतं, वीज होते, आणि वापरलेलं पाणी खाली वाशिष्ठीत. लवादानं त्यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी ठरवून दिलंय.

"म्हणजे आमच्या वाट्याचं पाणी तुम्ही पळवता, मी म्हटलं. ती म्हणते, 'आणि तुमच्या घरातला पंखा कशावर फिरतो?' मग बोलायलाच काही राहिलं नाही. दोघी हसत सुटलो. एकाच धरणाचं पाणी, एक तोंड तिच्याकडे, एक माझ्याकडे. आणि हे दोघं पुरुष तोवर अलमट्टीवर गेले होते. तो विषय निघाला की मी उठून झोपायला जाते."

येताना कुंभार्ली. हा घाट काकूंना सगळ्यात आवडला, कारण चढायचा होता. "उतरताना दरी आपल्याकडे बघते. चढताना आपण तिच्याकडे." वर कोयनानगर. नेहरू उद्यानातून धरणाची भिंत समोर दिसते, शंभर मीटरच्या वर उंच. तिथं मात्र काका गप्प झाले म्हणे. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा भूकंप. काका तेव्हा शाळेत, घर पाटणजवळच्या खेड्यात. आईनं झोपेतून ओढून अंगणात आणलं आणि मागं बघितलं तर पडवी बसलेली. दिवस उजाडेपर्यंत सगळं गाव शेकोट्या पेटवून उघड्यावर, आणि पुढं कित्येक रात्री कुणी छपराखाली झोपेना. इतक्या वर्षांत काकूंनी ही हकीगत तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती. तिथं त्या बाकावर बसून काकांनी ती सलग सांगितली.

मी पलीकडे पाहिलं. काका चाकाच्या आतला चिखल काडीनं उकरत होते, ऐकत नसल्यासारखे.

"मग कऱ्हाडला प्रीतिसंगमावर भेळ खाल्ली," काकू भराभर म्हणाल्या. "कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात ते बघितलं. ब्रह्मदेव आणि विष्णू. शापातून सुटले नाहीत ते नाहीतच. आणि आलो घरी. ही घे तुझी आमसुलं. फणसपोळी संपली, ह्यांनी इस्लामपुरापर्यंत संपवली."

मी आमसुलं घेतली, तुळशीला रोज पाणी घातल्याचं सांगितलं, आणि बादलीकडे वळणार तोच काकूंनी जास्वंदीची फांदी बाजूला केली.

"थांब की. एक काम होतं. वाईहून निघताना रीत म्हणून मी म्हटलं, दिवाळीनंतर या आमच्याकडे. आता थोरलीला म्हटलं, तर धाकटीला म्हणायला नको? म्हटलं. काल दोघींचे फोन आले. दोघी येणार आहेत, नवऱ्यांसकट. एकाच आठवड्यात. आणि एकमेकींना माहीत नाही."

"मग हो?"

"मग काय, थोरली आमच्याकडे राहील. धाकटी तुझ्याकडे उतरेल. वडे तीच करेल गं, तू काळजी करू नकोस. मी तिला सांगून बसलेय."

"खुसखुशीत असतात," पलीकडून काका म्हणाले.